हौशी रेडिओ आणि विमानोड्डाण : ‘इटालिया’च्या शोधापासून उपग्रहाधारित शोधकार्यापर्यंत

प्रस्तावना

विमानोड्डाणाचा इतिहास बहुधा वैमानिक, विमानरचनाकार आणि विमान कंपन्या यांच्या कर्तृत्वाभोवती लिहिला गेला आहे. विमान आणि भूमी यांना जोडणाऱ्या बिनतारी संदेशवहनाला या इतिहासात दुय्यम स्थान मिळते, आणि त्यातही ज्यांना या कामाचे वेतन मिळत नव्हते अशा हौशी रेडिओधारकांचा उल्लेख क्वचितच येतो. हौशी रेडिओ म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे ‘हॅम रेडिओ’ म्हटले जाते तो छंद. शासनाचा परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या वारंवारतांवर, आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता केलेले बिनतारी संदेशवहन अशी त्याची व्याख्या करता येईल. हवाई वाहतुकीच्या वारंवारतांवर प्रक्षेपण करण्याचा अधिकार हौशी परवानाधारकास नसतो. असे असूनही, विमानोड्डाणाच्या इतिहासातील काही निर्णायक क्षणी हा छंद उपयोगी पडला आहे.

हा उपयोग नेमका कोणत्या स्वरूपाचा होता, तो कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाला आणि कोणत्या परिस्थितीत निष्फळ ठरला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी १९२८ मधील ‘इटालिया’ या वायुनौकेचा अपघात हे मुख्य उदाहरण घेतले असून, १९३७ मधील अमेलिया इअरहार्ट प्रकरण, १९७० च्या दशकातील हौशी उपग्रहावरील प्रयोग आणि २०१४ नंतर निर्माण झालेला एक वाद यांच्याशी त्याची तुलना केली आहे.

पार्श्वभूमी : ‘निरुपयोगी’ लहरींचा शोध

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनाचा सारा भर दीर्घ लहरींवर होता. जितकी तरंगलांबी अधिक तितका पल्ला अधिक, अशी त्या काळातील तज्ज्ञांची समजूत होती. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर अमेरिकेत जो रेडिओ कायदा झाला, त्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीच्या पट्ट्यात ढकलले. व्यापारी आणि लष्करी दृष्टीने हा पट्टा जवळजवळ टाकाऊ मानला जात होता.

परंतु ज्यांच्या वाट्याला ही पडीक जमीन आली त्यांनीच तिची मशागत केली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे ऐकले गेले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रायनार्ट्झ यांच्यात सुमारे १०० मीटर तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फी संभाषण झाले. वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थर, म्हणजेच आयनांबर, या लघुलहरींना परावर्तित करून पुन्हा पृथ्वीवर पाठवितो आणि त्यामुळे अल्प शक्तीचा प्रक्षेपकही हजारो किलोमीटर अंतर गाठू शकतो, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

विमानोड्डाणाच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व फार मोठे होते. दीर्घलहरींची यंत्रे अवजड असत आणि त्यांना लांबलचक ॲंटेना लागे. वजनाचा हिशेब किलोग्रॅममध्ये मांडणाऱ्या विमानाला लघुलहरींचे हलके यंत्र हाच व्यवहार्य पर्याय होता. १९२५ मध्ये मॅकमिलन यांच्या आर्क्टिक मोहिमेत जॉन रायनार्ट्झ स्वतः लघुलहरींचे यंत्र घेऊन सहभागी झाले. याच मोहिमेत रिचर्ड बर्ड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी नौदलाची विमानेही होती. ध्रुवीय उड्डाण आणि हौशी रेडिओ यांची गाठ अशा रीतीने आधीच पडली होती. तीन वर्षांनी या संबंधाची खरी कसोटी लागली.

‘इटालिया’चा अपघात

उंबेर्तो नोबिले हे इटालियन वायुनौकांचे रचनाकार. मे १९२६ मध्ये ॲमंडसेन आणि एल्सवर्थ यांच्यासह त्यांनी ‘नॉर्गे’ या वायुनौकेतून उत्तर ध्रुव ओलांडला होता. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली ‘इटालिया’ची मोहीम आखली. २३ मे १९२८ रोजी स्पिट्सबर्गनमधील किंग्ज बे येथून निघालेली ही वायुनौका २४ मेच्या पहाटेस ध्रुवावर पोहोचली. परतीच्या प्रवासात, २५ मे रोजी सकाळी, ती बर्फावर आदळली. नौकेतील १६ जणांपैकी दहा जण बर्फावर फेकले गेले व त्यांतील एक तत्काळ मरण पावला. उरलेल्या सहा जणांना घेऊन हलकी झालेली वायुनौका पुन्हा वर उचलली गेली आणि दृष्टीआड झाली. त्या सहा जणांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही.

बर्फावर उरलेल्या नऊ जणांजवळ एक तंबू, काही अन्न आणि ‘ओंदिना ३३’ हा छोटा लघुलहरी प्रक्षेपक एवढीच सामग्री होती. बिनतारी यंत्रचालक ज्युसेप्पे बिआजी यांनी मोडतोडीतून ॲंटेनाचा खांब उभारला आणि ठरावीक वेळी संकटसंदेश पाठविण्यास आरंभ केला. ‘चित्ता दी मिलानो’ हे मोहिमेचे आधारजहाज किंग्ज बे येथे, म्हणजे अपघातस्थळापासून काहीशे किलोमीटरच्या आत उभे होते. तरीही त्या जहाजाला हा संदेश मिळाला नाही. तंबूतील माणसांना मात्र आपल्या रिसीव्हरवर रोम येथील केंद्राच्या बातम्या ऐकू येत होत्या. जगाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत होता, पण त्यांचा आवाज जगापर्यंत पोहोचत नव्हता.

या विसंगतीची दोन कारणे संभवतात. पहिले भौतिक आहे. लघुलहरी आयनांबरातून परावर्तित होऊन दूर अंतरावर उतरतात. प्रक्षेपकाजवळील भूलहरींचा पल्ला संपतो तेथपासून परावर्तित लहर उतरते तेथपर्यंतचा मधला पट्टा मौन राहतो. आधारजहाज या मौनपट्ट्यात असावे. दुसरे कारण मानवी आहे. जहाजावरील यंत्रचालक वृत्तपत्रीय व खाजगी तारांच्या दळणवळणात गुंतले होते आणि अपघातग्रस्तांचा प्रक्षेपक चालू असेल ही शक्यता गांभीर्याने घेतली गेली नाही, अशी तक्रार नोबिले यांनी पुढे केली. जेथे ऐकण्याची अधिकृत जबाबदारी होती तेथे ऐकले गेले नाही, एवढे निश्चित.

३० मे रोजी मारियानो, झाप्पी आणि स्वीडिश शास्त्रज्ञ माल्मग्रेन हे तिघे मदतीच्या शोधात बर्फावरून पायी निघाले. माल्मग्रेन या वाटचालीत मरण पावले. बिनतारी संदेश कोणी ऐकत नाही अशी खात्री होत चालल्यामुळेच ही जीवघेणी वाट धरली गेली. संदेश चार दिवस आधी ऐकला गेला असता तर कदाचित हा मृत्यू टळला असता.

वोख्मा गावातील श्रोता

३ जून १९२८ रोजी सोव्हिएत रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा या गावी, आजच्या कोस्त्रोमा प्रांतात, निकोलाय श्मिट या तरुणाने स्वतः बांधलेल्या साध्या रिसीव्हरवर एक तुटक संदेश टिपला. त्यात ‘इटालिया’ व ‘नोबिले’ ही नावे आणि संकटसूचक संकेत होते. हे गाव अपघातस्थळापासून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर होते. परावर्तित लहर जेथे उतरणार होती त्या क्षेत्रात एका हौशी माणसाचे कान जागे होते, असे म्हणता येईल.

श्मिट याने मॉस्को येथील रेडिओप्रेमींच्या संस्थेला तार केली. या तारेचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे संदेश अपूर्ण व सदोष होता. त्यातील स्थळनिर्देशाचा भाग फ्रान्झ जोसेफ भूमीकडे बोट दाखवितो असे वाटले. प्रत्यक्षात अपघातग्रस्त स्पिट्सबर्गनच्या ईशान्येस, फोइन बेटानजीक होते. दुसरी गोष्ट म्हणजे, अशा तारा खोट्या असू शकतात याची जाणीव सर्वांनाच होती. एका खेडेगावातील अप्रसिद्ध तरुणाचा दावा दुर्लक्षिला गेला असता तर त्यात नवल नव्हते. परंतु तो दुर्लक्षिला गेला नाही. सोव्हिएत शासनाने ही माहिती इटलीच्या शासनास कळविली. बर्फावरील तंबूत ही बातमी रोमच्या प्रसारणातून पोहोचली आणि आपला प्रक्षेपक निकामी नाही हे बिआजी यांना प्रथमच कळले. ८ जूनच्या सुमारास आधारजहाजाशी थेट संपर्क प्रस्थापित झाला आणि अचूक स्थान कळविता आले.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा मुद्दा आहे. श्मिट याने अपघातग्रस्तांचे स्थान सांगितले नाही. त्याने सांगितलेली दिशा तर चुकीचीच ठरली. त्याच्या तारेचे मोल एवढेच की, कोणीतरी जिवंत आहे आणि बोलत आहे हे तिच्यामुळे सिद्ध झाले. त्यानंतर ऐकण्याची दिशा बदलली आणि पूर्वी न ऐकू येणारा संदेश ऐकू येऊ लागला.

पुढील शोधकार्य अनेक राष्ट्रांनी मिळून केले. २० जून रोजी इटालियन वैमानिक मद्दालेना यांनी तंबू शोधून काढून सामग्री टाकली. त्यानंतर तीन-चार दिवसांत स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग यांनी बर्फावर विमान उतरवून नोबिले यांना बाहेर काढले. दुसऱ्या फेरीत त्यांचे स्वतःचेच विमान उलटले व तेही काही काळ तंबूत अडकले. १२ जुलै रोजी ‘क्रासिन’ या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने उरलेल्यांची सुटका केली. १६ पैकी आठ जण वाचले. या शोधात निघालेले रोआल्ड ॲमंडसेन मात्र १८ जून रोजी ‘लाथाम ४७’ या विमानातून आपल्या पाच सहकाऱ्यांसह नाहीसे झाले. त्यांचा कोणताही संदेश नंतर कोणी ऐकला नाही.

श्मिट याला त्या काळी कीर्ती मिळाली, पण ती टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताश्कंद येथे त्याला अटक झाली आणि १९४२ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. १९८४ मध्ये त्याला मरणोत्तर निर्दोष ठरविण्यात आले. परकीयांचा आवाज ऐकणारा माणूस एका काळात राष्ट्राचा गौरव ठरतो आणि दुसऱ्या काळात संशयास पात्र होतो, हे या चरित्राचे दुःखद तात्पर्य आहे.

ऐकले, पण पडताळले नाही : १९३७

२ जुलै १९३७ रोजी अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे मार्गदर्शक फ्रेड नूनन न्यू गिनीतील लाए येथून पॅसिफिकमधील हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे निघाले. बेटाजवळ ‘इटास्का’ हे अमेरिकी तटरक्षक जहाज उभे होते. इअरहार्ट यांचा आवाज ३१०५ किलोहर्ट्झवर जहाजाला स्पष्ट ऐकू येत होता. जहाजाकडून बोललेले शब्द मात्र त्यांना ऐकू जात नव्हते आणि दिशाशोधनाचा प्रयत्नही फसला. इअरहार्ट व नूनन या दोघांनाही मोर्स संकेतांत सफाई नव्हती. बिनतारी विद्येत निष्णात असलेले हॅरी मॅनिंग मार्चमधील पहिल्या प्रयत्नानंतर मोहिमेतून बाहेर पडले होते.

विमान बेपत्ता झाल्यानंतर लॉस एंजेलिस व अन्य ठिकाणच्या हौशी श्रोत्यांनी इअरहार्ट यांचे संदेश ऐकल्याचे कळविले. त्यांतील काही उघडउघड बनावट होते, काही भ्रममूलक असावेत आणि काहींबद्दल आजही मतभेद आहेत. ‘इटालिया’ प्रकरणाशी तुलना केली असता फरक ठळकपणे दिसतो. श्मिटच्या संदेशानंतर दुतर्फी संपर्क झाला आणि ऐकलेल्या गोष्टीचा पडताळा आला. १९३७ मध्ये तसे घडले नाही. श्रोते पुष्कळ होते, परंतु खरा संकेत कोणता आणि खोटा कोणता हे ठरविण्याची यंत्रणा नव्हती. अनेकांनी ऐकल्यामुळे पुरावा बळकट होण्याऐवजी गोंधळ वाढला.

भारतीय संदर्भ

याच कालखंडातील भारतीय विमानोड्डाणाची स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. भारतातील नियमित हवाई टपालसेवेचा हा आरंभ होय. त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरही मार्गदर्शनाची साधने नव्हती. हौशी रेडिओची सुरुवात मात्र भारतात त्यापूर्वीच, १९२१ च्या सुमारास, कोलकात्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू व मुकुल बोस यांच्या प्रयोगांनी झाली होती. म्हणजे देशात बिनतारी छंद होता आणि विमानसेवाही सुरू झाली, पण आरंभीच्या काळात या दोहोंची गाठ पडली नाही. पुढील काळात वैमानिकी व हौशी रेडिओ या दोन्ही क्षेत्रांत वावरलेले सर्वपरिचित भारतीय म्हणजे राजीव गांधी. राजकारणात येण्यापूर्वी ते इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक होते आणि ‘व्हीयू२आरजी’ या संकेतनामाने हौशी रेडिओधारकही होते.

कानाकडून उपग्रहाकडे

अपघातग्रस्त विमानाचा आवाज योगायोगाने कोणाच्या तरी कानी पडावा, ही अवस्था किती काळ चालणार होती? १९७० च्या दशकात लहान विमानांवर १२१.५ मेगाहर्ट्झवर आपोआप संकेत देणारे आपत्कालीन प्रक्षेपक बसविले जाऊ लागले. तरीही तो संकेत ऐकणारे विमान जवळून जाणे आवश्यक होते. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे अमेरिकी लोकप्रतिनिधी अलास्कामध्ये विमानासह नाहीसे झाले. प्रदीर्घ शोध घेऊनही त्यांचा मागमूस लागला नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, हौशी रेडिओधारकांनी बनविलेला ‘ऑस्कर ६’ हा उपग्रह अवकाशात गेला होता. हौशी उपग्रहांची ही मालिका डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑस्कर १’ पासून सुरू झाली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास कॅनडातील संशोधकांनी ‘ऑस्कर ६’चा उपयोग करून एक महत्त्वाचा प्रयोग केला. उपग्रह प्रक्षेपकाजवळ येतो तेव्हा संकेताची वारंवारता वाढलेली भासते व तो दूर जातो तेव्हा घटलेली भासते. या डॉप्लर परिणामाचे मापन करून जमिनीवरील प्रक्षेपकाचे स्थान काढता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याच तत्त्वावर अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी १९७९ मध्ये ‘कॉस्पास-सारसॅट’ प्रकल्पाचा करार केला. पहिला सोव्हिएत उपग्रह ३० जून १९८२ रोजी सोडण्यात आला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या लहान विमानातील तिघांचा शोध या उपग्रहाच्या साहाय्याने लागला. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत उपग्रहाने पाश्चात्त्य राष्ट्रातील माणसे वाचविली. १९२८ च्या घटनेशी असलेले याचे साम्य लक्षणीय आहे. भारतानेही या व्यवस्थेत सहभागी होऊन बंगळूर व लखनौ येथे भूस्थानके उभारली.

या व्यवस्थेलाही पडताळ्याचा प्रश्न चुकला नाही. १२१.५ मेगाहर्ट्झच्या संकेतात विमानाची ओळख नसे आणि खोट्या सूचनांचे प्रमाण फार मोठे होते. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी या वारंवारतेची नोंद घेणे थांबविले आणि विमानाची ओळख सांगणारे ४०६ मेगाहर्ट्झचे अंकीय संकेत हाच आधार राहिला.

नव्या काळातील जुना प्रश्न

८ मार्च २०१४ रोजी मलेशियन एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. काही वर्षांनी असा दावा पुढे आला की, हौशी रेडिओधारकांच्या ‘डब्ल्यूएसपीआर’ या जाळ्यातील जुन्या नोंदींवरून विमानाचा मार्ग काढता येईल. हे जाळे २००८ पासून अल्पशक्तीच्या संकेतांच्या जगभरातील प्रसाराची नोंद ठेवत आले आहे. विमानाने या लहरींत घडविलेला सूक्ष्म बदल नोंदींत सापडतो, असे या दाव्याचे स्वरूप आहे. परंतु ही प्रणाली निर्माण करणारे भौतिकशास्त्रज्ञ व १९९३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी जोसेफ टेलर यांनीच हा दावा अमान्य केला आहे. आयनांबरातील नैसर्गिक चढउतारांपुढे दूरस्थ विमानाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही, हा या दाव्यावरील मुख्य आक्षेप आहे. आप्तांना उत्तर हवे आहे आणि हौशी नोंदींचा साठा प्रचंड आहे. अशा वेळी ऐकण्याची इच्छाच पुराव्याची जागा घेण्याचा धोका असतो. १९३७ मध्ये नेमके हेच घडले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. हौशी रेडिओने विमानोड्डाणाला दिलेले प्रमुख योगदान प्रक्षेपणाचे नसून श्रवणाचे आहे. लघुलहरींचा पल्ला हौशी मंडळींनी सिद्ध केला आणि अधिकृत केंद्रे जेथे पोहोचत नव्हती तेथे विखुरलेल्या श्रोत्यांनी ती उणीव भरून काढली.

२. हे श्रवण फलद्रूप होण्यासाठी त्याची दखल घेणारी संस्था आवश्यक असते. वोख्मा येथील तरुणाची तार मॉस्कोत टोपलीत टाकली गेली असती, तर तिचे मोल शून्य राहिले असते.

३. दखल घेणे म्हणजे विश्वास ठेवणे नव्हे. श्मिटच्या तारेवरून शोध सुरू झाला, पण स्थान दुतर्फी संपर्कानेच निश्चित झाले. जेथे असा पडताळा शक्य झाला नाही तेथे हौशी साक्षीने शोधाला दिशा मिळाली नाही.

आज विमानाचे स्थान उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे कळवितात, त्यामुळे हौशी श्रोत्याची गरज उरली नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या यंत्रव्यवस्थेच्या मुळाशी हौशी मंडळींनी बनविलेला एक उपग्रह आहे, हे विसरून चालणार नाही. अनधिकृत ज्ञान तत्काळ फेटाळू नये आणि तत्काळ स्वीकारूही नये, हा या इतिहासाचा धडा आहे. तो बिनतारी विद्येपुरता मर्यादित नाही. ज्ञानाची अधिकृत केंद्रे चालविणाऱ्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांनाही तो तितकाच लागू पडतो.